इंग्रजी शब्द आणि त्यांचे फ्रेंच प्रतिशब्द : जोड्या पाठ कराव्यात की घराणी ओळखावीत?

गिरणाकाठ, चाळीसगाव

माझी मुलगी अकरावीत आहे आणि गेल्या जूनपासून मोबाईलवरच्या वर्गातून फ्रेंच शिकते आहे. आमच्या गावात फ्रेंच शिकवणारे कोणी मला सापडले नाही. त्यामुळे तिच्या वहीवर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मला स्वतःला फ्रेंच येत नाही. तिने शंभर पानी वहीचे प्रत्येक पान उभे दुमडून डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे फ्रेंच प्रतिशब्द अशा सुमारे सहाशे जोड्या लिहून काढल्या आहेत. रोज रात्री जेवण झाल्यावर ती त्यांतल्या वीस जोड्या पाठ करते आणि तिसऱ्या दिवशी निम्म्या विसरलेल्या असतात.

मला खटकते ते असे की, काही जोड्या इतक्या सारख्या आहेत की त्या पाठ करण्यात वेळ वाया जातो. 'नेशन'ला 'नासिओं', 'टेबल'ला 'ताब्ल', 'कलर'ला 'कुलर' असे पाहिले की मलासुद्धा अर्थ कळतो. पण तेवढ्या विश्वासावर पुढे जावे तर फसगत होते. मागच्या आठवड्यात तिने निबंधात लिहिले की, ती दर रविवारी 'लिब्रेरी'त जाऊन दोन तास वाचत बसते. शिक्षिकेने त्या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि समजावले की फ्रेंचमध्ये 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचे दुकान, वाचनालयाला 'बिब्लिओतेक' म्हणतात. त्या दिवसापासून मुलीचा स्वतःच्या वहीवरचा विश्वास उडाला आहे आणि ओळखीचा वाटणारा प्रत्येक शब्द ती संशयाने पाहू लागली आहे. इंग्रजी शब्द कुठे मदत करतो आणि कुठे दगा देतो, हे ओळखण्याची काही रीत आहे का, की सहाशे काय आणि सहा हजार काय, सगळ्या जोड्या घोकायलाच हव्यात?

तापीथडी, जळगाव

गिरणाकाठ ताई, मी बरीच वर्षे जळगावात फ्रेंच शिकवते आहे आणि दरवर्षी माझ्यापुढे अशी एक तरी दुमडलेली वही येतेच. आधी मुलीची समजूत घाला. तिने लिहिलेले वाक्य चारशे वर्षांपूर्वी बरोबर ठरले असते. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार मोंतेन्य आपल्या पुस्तकांच्या खोलीला 'लिब्रेरी'च म्हणत असे. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून त्याच अर्थाने उचलला आणि तो अर्थ जपून ठेवला. पुढे फ्रेंचमध्येच तो शब्द दुकानाकडे सरकला आणि वाचनालयासाठी ग्रीक वळणाचा 'बिब्लिओतेक' रूढ झाला. म्हणजे यात दगा कोणी दिलेला नाही. एकाच घरातले दोन भाऊ वेगळे झाले आणि एकाने घराची जुनी रीत ठेवली, दुसऱ्याने बदलली, एवढेच झाले आहे.

हे फ्रेंच शब्द इंग्रजीत इतक्या संख्येने का आहेत, ते तिला एकदा नीट सांगा. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडची गादी घेतली. त्याचे सरदार, धर्मगुरू आणि न्यायाधीश फ्रेंच बोलत आणि जवळजवळ तीनशे वर्षे तिथल्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, असा कायदा १३६२ साली झाला, पण तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. आजही ब्रिटिश संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाची संमती मिळाली की 'ल र्वा ल व', म्हणजे 'राजाची तशी इच्छा आहे', हे फ्रेंच वाक्य वापरले जाते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत इंग्रजी कोशातील सुमारे ८० हजार शब्द तपासले, तेव्हा २८ टक्क्यांच्या आसपास शब्द फ्रेंचमधून आलेले, जवळजवळ तितकेच थेट लॅटिनमधून आलेले आणि मूळच्या जर्मानिक घराण्यातले, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच या भाषांच्या घरचे, २५ टक्केच निघाले.

आपल्या मुलांना हे समजायला सर्वांत सोपे जावे, कारण आपल्या मराठीचे हेच झाले आहे. खानदेशावर १३८२ पासून १६०१ पर्यंत फारुकी सुलतानांचे राज्य होते, त्यानंतर मोगल आले आणि या काळात कचेरीची भाषा फारसी होती. म्हणून आपण वकील, फिर्याद, दावा, जामीन, गुन्हा, हुकूम, तारीख, मुदत, फौज हे शब्द वापरतो. त्याच वेळी शेत, नांगर, बैल, पाऊस, घर, पाणी, माय आणि बाप हे शब्द जागचे हलले नाहीत. इंग्रजीत नेमकी हीच वाटणी दिसते. जज, कोर्ट, क्राइम, प्रिझन, टॅक्स, आर्मी आणि सोल्जर हे दरबारातून आलेले फ्रेंच शब्द आहेत, तर फील्ड, प्लाऊ, ऑक्स, रेन, हाउस, वॉटर, मदर आणि फादर हे घरचे आहेत. आपल्या प्रांताच्या नावाची 'खान' आणि 'देश' अशी जी रूढ फोड सांगतात, ती धरली तर अर्धे नाव दरबाराचे आणि अर्धे घरचे ठरते. इंग्रजीतील 'जेंटलमन' हा शब्दही तसाच जोडलेला आहे, त्यातला 'जेंटल' फ्रेंचकडून आलेला आणि 'मन' तिथलाच.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, इंग्रजी शब्द हातात आला की तो कचेरीतला वाटतो की चुलीजवळचा, एवढे तिने आधी विचारावे. कचेरीतला असेल तर फ्रेंच शब्द बहुधा त्याच्यासारखाच दिसेल. चुलीजवळचा असेल तर तो निराळा असणार, असे धरून चालावे आणि घोकण्याची मेहनत तिथेच खर्च करावी. 'वॉटर' म्हणजे 'ओ', 'ब्रेड' म्हणजे 'पँ', 'हाउस' म्हणजे 'मेझों' हे पाठच करावे लागते. 'जस्टिस' म्हणजे 'झ्युस्तीस' हे पाठ करण्याची गरज नाही.

दस्तलेखक, धुळे

तापीथडी ताईंनी कचेरीची गोष्ट काढली म्हणून लिहितो. मी तीस वर्षे खरेदीखते, बक्षीसपत्रे आणि गहाणखते लिहीत आलो आहे. आपल्या दस्तांत एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून लिहिण्याची पद्धत आहे आणि त्या जोडीतला एक शब्द पुष्कळदा फारसी-अरबी असतो, तर दुसरा आपला असतो. कागदपत्र, धनदौलत, रीतिरिवाज, शेतजमीन, बाजारहाट ही उदाहरणे कोणालाही आठवतील. दोन्ही भाषांच्या माणसांना अर्थ कळावा आणि पुढे कोणी शब्दाच्या अर्थावरून वाद काढू नये, या हेतूनेही अशा जोड्या पक्क्या झाल्या असाव्यात, असे मला वाटते. इंग्रजी मृत्युपत्राचा मथळा 'लास्ट विल अँड टेस्टमेंट' असतो. त्यातला 'विल' त्यांच्या घरचा आहे आणि 'टेस्टमेंट' लॅटिन. 'गुड्स अँड चॅटल्स' यातला 'गुड्स' घरचा आणि 'चॅटल' फ्रेंचकडून आलेला. नोकरीच्या सुरुवातीला हे मथळे वाचताना एकच गोष्ट दोनदा का लिहितात, हे मला कळत नसे. आपले 'कागदपत्र' डोळ्यांपुढे आले तेव्हा उलगडा झाला.

एका शब्दाबद्दल मात्र ताईंच्या नियमात भर घालावीशी वाटते. 'मॉर्गेज' हा शब्द कचेरीतला आहे आणि अंगाखांद्याने पूर्ण फ्रेंच आहे. 'मॉर' म्हणजे मृत आणि 'गेज' म्हणजे तारण, मिळून मृत तारण. कर्जदाराने मुदतीत पैसे भरले नाहीत तर जमीन त्याला मेली, आणि भरले तर धनकोचे तारण मेले, असा त्याचा अर्थ जुने इंग्रज कायदेपंडित लावत. याच्या जोडीला 'जिवंत तारण' नावाचाही एक प्रकार असे, त्यात जमिनीचे उत्पन्न कर्जाच्या फेडीत वळते होत जाई. आपल्याकडच्या नजरगहाण (ताबा कर्जदाराकडेच) आणि कब्जेगहाण (ताबा धनकोकडे) यांची खते लिहिणाऱ्याला हा भेद वाचताना परका वाटत नाही. पण आजच्या फ्रान्समध्ये घर तारण ठेवून कर्ज घेणारा माणूस 'मॉर्गेज' म्हणत नाही, तो 'इपोतेक' म्हणतो आणि तो शब्द ग्रीक आहे. म्हणजे इंग्रजीने फ्रेंचकडून घेतलेला शब्द खुद्द फ्रेंचने टाकून दिला, असेही होते.

तापीथडी, जळगाव

आपले म्हणणे पूर्ण बरोबर आहे, आप्पा. हे उदाहरण मी माझ्या वर्गात सांगेन. 'कर्फ्यू'चे याच्या उलट आहे. तो 'कूव्र-फ' या शब्दांतून आला आहे. त्याचा अर्थ 'विस्तव झाका' असा. रात्री ठरावीक वेळी घंटा वाजली की घरोघरी चुलीतला विस्तव राखेने झाकायचा, म्हणजे लाकडी घरांना आग लागू नये, असा तो नियम होता. इंग्रजीत त्या शब्दाचा चेहरा इतका बदलला की विस्तव कोणाला दिसत नाही. फ्रेंचमध्ये तो आजही जसाच्या तसा आहे आणि कोरोनाच्या काळात तिथल्या सरकारने हाच शब्द वापरला.

मोटाररिवाइंडिंग, रावेर

माझे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे आणि भाषेचा अभ्यास म्हणावा असा काही नाही, पण एक प्रश्न गेली अनेक वर्षे डोक्यात आहे. केळीच्या बागेवरची सबमर्सिबल मोटार जळली की शेतकरी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून आणतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "गॅरंटी आहे ना?" मी कार्ड उघडून दाखवतो की इथे 'वॉरंटी' लिहिले आहे. बाजारात या दोन शब्दांचा अर्थ आम्ही असा करतो की गॅरंटी म्हणजे माल बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. त्या भेदावरून माझ्या काउंटरवर आजवर पुष्कळ वाद झाले आहेत. हे दोन शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात. ते खरेच तसे आहेत का?

तापीथडी, जळगाव

दादा, ते सख्खे भाऊच आहेत, आणि आपण विचारलेल्या प्रश्नात फ्रेंच शब्द ओळखण्याची एक मोठी किल्ली आहे. जुन्या जर्मानिक बोलींत काही शब्द 'व'ने सुरू होत. ते पॅरिसच्या बाजूला गेले तेव्हा तिथल्या लोकांनी त्या 'व'चा 'ग' केला, पण उत्तरेला नॉर्मंडीत 'व' तसाच राहिला. इंग्रजीने आधी नॉर्मन लोकांकडून 'व'चा शब्द घेतला आणि पुढे पॅरिसच्या वळणाचा 'ग'चा शब्दही घेतला, म्हणून तिच्याकडे एकाच शब्दाची दोन रूपे झाली. वॉरंटी आणि गॅरंटी, वॉर्डन आणि गार्डियन, वॉर्ड आणि गार्ड या सगळ्या अशा जोड्या आहेत. फ्रेंचमध्ये 'ग'चेच रूप आहे, म्हणून दोन्हींसाठी 'गारांती' एवढा एक शब्द पुरतो. बदलून देणे आणि दुरुस्त करून देणे हा भेद बाजाराने नंतर घातला आहे, शब्दांच्या जन्मात तो नाही.

याच किल्लीने 'वॉर'चा 'गेर' होतो, 'वास्प'चा 'गेप' होतो, आणि ज्याने इंग्लंड जिंकले त्या विल्यमला फ्रेंच लोक 'गीयोम' म्हणतात. गिरणाकाठ ताई, मुलीच्या वहीत 'व'ने सुरू होणारे इंग्रजी शब्द शोधून त्यांना 'ग' लावून पाहायला सांगा. सगळ्यांना लागणार नाही, 'वॉटर'ला तर मुळीच नाही, पण जिथे लागेल तिथे तो शब्द पुन्हा विसरला जाणार नाही.

सातपुडा, शहादा

शब्दांच्या वाटणीची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते, ती इथेही येणार म्हणून आधीच लिहितो. जनावर राखणारा इंग्रज आणि मांस खाणारा नॉर्मन, म्हणून 'शीप' इंग्रजी आणि 'मटण' फ्रेंच, 'पिग' इंग्रजी आणि 'पोर्क' फ्रेंच, असे सांगतात. या गोष्टीत तथ्य आहे, पण ती जितकी नेटकी सांगितली जाते तितकी नेटकी नाही. इंग्रजीत 'बीफ' हा शब्द कित्येक शतके जिवंत बैलासाठीही वापरला जात होता आणि जनावर व मांस यांची आज दिसणारी काटेकोर वाटणी बरीच उशिरा स्थिर झाली. फ्रेंचमध्ये तर ती वाटणी नाहीच. 'मुतों' म्हणजे चरणारी मेंढीही आणि ताटातले मटणही. आपल्याकडे मटण म्हटले की बहुतेक वेळा बोकडाचे असते, तेव्हा मुलीने बकरीसाठी 'मुतों' लिहू नये. बकरीला 'शेव्र' म्हणतात.

कपाशी, पारोळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी आजी 'स्कूल'ला 'इस्कूल' आणि 'स्टोव्ह'ला 'इस्टो' म्हणत असे. लहानपणी मी तिला दहा वेळा दुरुस्त केले असेल, आणि त्याची मला आज लाज वाटते. मी स्वतः या वर्षी फ्रेंच शिकायला घेतले आहे आणि 'स्कूल'ला 'एकोल', 'स्टुडंट'ला 'एत्युदिआं', 'स्टेट'ला 'एता' हे शब्द पाहिल्यापासून मला आजीची आठवण येते. हा माझा केवळ भास आहे की यात काही आहे?

तापीथडी, जळगाव

ताई, यात भास नाही, आणि आजीच्या जिभेने जे केले तेच एका मोठ्या साम्राज्यातल्या सामान्य माणसांच्या जिभेने केले होते. लॅटिनमध्ये शाळेला 'स्कोला' म्हणत. सुरुवातीलाच 'स' आणि त्याला चिकटून दुसरे व्यंजन आले की जिभेला अडखळायला होते, म्हणून बोलणाऱ्यांनी आधी एक स्वर लावून घेतला, 'इस्कोला'. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'एस्कोल' झाले. नंतर मधला 'स' उच्चारातून गळाला आणि 'एकोल' राहिले. तेव्हा 'एकोल' म्हणजे 'स' गिळलेले 'इस्कूल' आहे, असे आपण वर्गात सांगितलेत तरी चालेल. इंग्रजीने 'स' ठेवला आणि पुढचा स्वर टाकला. म्हणून फ्रेंच शब्द 'ए'ने सुरू होत असेल आणि त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ असेल, तर तो 'ए' काढून तिथे 'स' बसवून पाहावा. 'एपीस'चा 'स्पाइस' मिळतो, 'एपोंझ'चा 'स्पंज', 'एत्रांझे'चा 'स्ट्रेंजर', 'एतूद'चा 'स्टडी'.

'स' शब्दाच्या मध्ये असेल तर त्याची खूण वेगळी आहे. काही फ्रेंच अक्षरांवर छपरासारखे चिन्ह असते. मुलांना ते नुसते सजावटीचे वाटते, पण पुष्कळ शब्दांत ते तिथून गेलेल्या 'स'ची जागा राखते. उच्चारातून 'स' आधीच गेला होता आणि फ्रेंच अकादमीने १७४० च्या आपल्या कोशात हजारो शब्दांतून तो लिहिण्यातूनही काढून त्या जागी हे छप्पर ठेवले. इंग्रजीने मात्र शब्द त्याआधीच घेतले होते, म्हणून तिच्याकडे 'स' शिल्लक आहे. 'फोरे'वर छप्पर आहे, तिथे 'स' घाला, 'फॉरेस्ट' झाला. 'ओपिताल'चा 'हॉस्पिटल', 'कोत'चा 'कोस्ट', 'बेत'चा 'बीस्ट', 'ईल'चा 'आइल', आणि तिथे इंग्रजीत 'स' लिहितात पण उच्चारत नाहीत. 'होटेल' आणि 'होस्टेल' हेसुद्धा असेच दोन भाऊ आहेत : 'होस्टेल' 'स' असताना आला आणि 'होटेल' 'स' गेल्यावर.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांना कोणी सांगत नाही. इंग्रजीचा 'ट' आणि 'ड' आपल्या कानाला मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून म्हटलेला, वाटतो, म्हणून आपण 'टेबल', 'डॉक्टर', 'टीचर' लिहितो. फ्रेंचचा 'त' आणि 'द' मात्र दातांना जीभ लावून, आपल्या ताक आणि दही यांतल्यासारखाच म्हणायचा असतो. 'ताब्ल', 'दोक्तर' असे देवनागरीत लिहिले की उच्चार निम्मा सुधारतो. गिरणाकाठ ताईंनी पहिल्याच मजकुरात 'टेबल'ला 'ताब्ल' लिहिले आहे, म्हणजे मुलीचा कान तयार आहे. तिला उजवीकडचा रकाना फ्रेंच स्पेलिंगसोबत देवनागरीतही लिहू द्या.

वाघूर, पहूर

अजिंठ्याच्या रस्त्यावर माझ्या सासऱ्यांचे छोटे लॉजिंग आहे आणि हिवाळ्यात लेणी पाहायला येणारे फ्रेंच पाहुणे अधूनमधून मुक्कामाला असतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही दर्शनी भिंतीवर लेण्यांचा रस्ता दाखवणारा नकाशा रंगवून घेतला आणि वर मोठ्या अक्षरांत 'लोकेशन' लिहिले. त्यानंतर एक फ्रेंच जोडपे आले. त्या बाई नकाशासमोर उभ्या राहून माझ्या सासऱ्यांना पुन्हा पुन्हा एका दिवसाचा दर विचारत होत्या आणि सासरे खोलीचा दर सांगत होते. पंधरा मिनिटांनी उलगडा झाला की फ्रेंचमध्ये 'लोकासिओं' म्हणजे भाड्याने देणे, आणि त्या बाई भाड्याच्या सायकली कुठे ठेवल्या आहेत ते शोधत होत्या. त्याच मुक्कामात सकाळच्या शिऱ्यात 'रेझिन' आहेत असे मी सांगितले. त्यांनी ताजी द्राक्षे समजून मान डोलावली आणि ताटात बेदाणे आले. फ्रेंचमध्ये 'रेझँ' म्हणजे द्राक्ष, आणि बेदाण्याला 'वाळलेले रेझँ' म्हणावे लागते.

पण वांग्याच्या भरताने मान राखला. हिरवी मोठी वांगी काट्यांच्या जाळावर भाजून, लाकडी खलात ठेचून, कळण्याच्या भाकरीबरोबर वाढली, तेव्हा त्या बाईंनी एक वांगे हातात धरून 'ओबेर्झीन' असे म्हटले. हा शब्द आमच्या ब्रिंजलशी किंवा वांग्याशी कुठेच जुळत नाही, असे मला वाटले.

तापीथडी, जळगाव

जुळतो, दादा, आणि तो प्रवास मला सगळ्या शब्दांत अधिक प्रिय आहे. संस्कृतात वांग्याला 'वातिंगण' असा एक शब्द आहे आणि आपले 'वांगे' त्याच कुळातले. तो शब्द इराणात 'बादिंगान' झाला, अरबांकडे 'बादिंजान' झाला आणि अरबीची 'अल' ही आघाडी घेऊन तो स्पेनमध्ये उतरला. तिथल्या कातालान भाषेत 'अल्बेर्जीनिया', आणि तिथून फ्रेंचमध्ये 'ओबेर्झीन'. शेजारी पोर्तुगालमध्ये त्याचेच 'बेरिंजेला' झाले. पोर्तुगीज तो शब्द जहाजातून भारतात घेऊन आले आणि इथल्या इंग्रजीत 'ब्रिंजल' रूढ झाले. इंग्लंडमधला इंग्रज मात्र फ्रेंच शब्दच वापरतो. तेव्हा आपल्या भिंतीजवळ उभ्या राहून त्या बाईंनी उच्चारलेला शब्द इथूनच निघून, अर्धे जग फिरून, परत आपल्या चुलीजवळ आला होता. आपला 'कॉटन'ही फ्रेंच 'कोतों'मधून इंग्रजीत गेला आहे आणि तोही मुळात अरबी आहे, हे कपाशीच्या मुलखात सांगायला हवे.

फसव्या शब्दांबद्दल गिरणाकाठ ताईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. रावेर-भुसावळकडची मुले बऱ्हाणपूरला गेली की सरकारी पाटीवर 'शिक्षा विभाग' वाचून दचकतात, कारण आपल्या लेखी शिक्षा म्हणजे दंड. हिंदीने संस्कृतचा 'शिकणे' हा अर्थ ठेवला, मराठीने तो शब्द छडीकडे नेला. कोणी अहिराणीत "कथा चालना?" विचारले तर ते गोष्ट सांगायला सांगत नाहीत, कुठे निघालास असे विचारतात. या शब्दांत आपण गोंधळत नाही, कारण आपण ते वाक्यात ऐकलेले असतात. म्हणून फसवे शब्द जोडीने पाठ करू नयेत, वाक्याने करावेत. 'अतांद्र' म्हणजे वाट पाहणे, हजर राहणे नव्हे : "मी बसची वाट पाहते" हे वाक्य फ्रेंचमध्ये लिहून ठेवावे. 'रेस्ते' म्हणजे थांबणे, विश्रांती घेणे नव्हे. 'ब्लेसे' म्हणजे जखम करणे, आशीर्वाद देणे तर मुळीच नव्हे. 'दमांदे' म्हणजे नुसते विचारणे, त्यात मागणीचा जोर नाही. 'आक्त्युएलमां' म्हणजे सध्या. रोज लागणारे असे शब्द चाळीस-पन्नासच्या वर नाहीत, आणि बाकीच्या शेकडो शब्दांवर मुलीने निर्धास्त विश्वास ठेवावा.

लिंगाचेही याच सोबत सांगते. प्रतिशब्द लिहिताना त्याच्या आधीचे 'ल' किंवा 'ला' सोडून लिहू नये. इंग्रजी शब्दाला लिंग नसते, म्हणून इंग्रजीतून शिकणारे ते विसरतात. मराठी मुलांना मात्र तो खुर्ची की ती खुर्ची, हे कोणी शिकवावे लागत नाही. फक्त लिंग आपल्यासारखेच असेल असे धरू नये : कापूस दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण आपला चंद्र पुरुष आणि त्यांची 'ल्युन' स्त्री. 'सिओं'ने संपणारे शब्द जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी असतात, तेवढे धरून ठेवले तरी वहीतली दोन-तीन पाने एकदम सुटतील.

गिरणाकाठ, चाळीसगाव

सर्वांचे मनापासून आभार मानते. हे सगळे मी मुलीला तीन रात्री वाचून दाखवले. तिने दुमडलेली वही बाजूला ठेवून नवीन वही केली आहे आणि त्यात जोड्यांऐवजी पाने केली आहेत : छपराचे पान, 'ए' आणि 'स'चे पान, 'व' आणि 'ग'चे पान, आणि चुलीजवळच्या शब्दांचे पान, जे सर्वांत मोठे झाले आहे. फसव्या शब्दांसाठी तिने शेवटून पाने घेतली आहेत आणि पहिले वाक्य 'लिब्रेरी'चेच लिहिले आहे, "मी दुकानातून पुस्तक विकत घेते आणि वाचनालयात जाऊन वाचते." काल ती 'फेत' या शब्दापाशी बराच वेळ थांबली, मग छपराच्या जागी 'स' घालून तिनेच 'फीस्ट' शोधून काढला, आणि मला उठवून सांगायला आली.

तिचा एक प्रश्न आहे. 'सत्तर'ला फ्रेंचमध्ये 'साठ-दहा' आणि 'ऐंशी'ला 'चार-वीस' का म्हणतात?

दस्तलेखक, धुळे

ताई, माझी आई बाजारात विसांनीच मोजत असे. 'चार विसा' म्हणजे ऐंशी आणि 'पाच विसा शंभर'. मुलीला घरातल्या कोणा वृद्ध माणसाकडे पाठवा, ते फ्रेंच न शिकता तिला 'कात्र-व्हँ' समजावून देतील.

तापीथडी, जळगाव

अगदी खरे, आप्पा. विसांनी मोजण्याची ती जुनी रीत फ्रान्समध्ये टिकली. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र सत्तरसाठी 'सेप्तांत' आणि नव्वदसाठी 'नोनांत' असे सरळ शब्द आहेत. परीक्षेत फ्रान्सचे रूप लिहावे.

वाघूर, पहूर

पेंटर उद्या येणार आहे. नकाशावर काय लिहू, तेवढे सांगाल का?

तापीथडी, जळगाव

'प्लां दाक्से' लिहून घ्या, म्हणजे पोहोचण्याच्या रस्त्याचा नकाशा. दुसऱ्या शब्दाच्या 'ए'वर तिरकी रेघ उलट्या बाजूची आहे, डावीकडून उजवीकडे उतरणारी, तेवढी पेंटरकडून नीट काढून घ्या.

वाघूर, पहूर

लिहून घेतले आहे, आणि रेघ मी स्वतः खडूने आखून दिली आहे. 'लोकेशन'ची पाटी सासऱ्यांनी पुसू दिली नाही. ती मागच्या बाजूला शेडवर लावणार आहोत, कारण त्या बाई गेल्यानंतर आम्ही चार सायकली घेतल्या आणि त्या दिवसाच्या भाड्याने देतो.